शाळेसाठी जमलेले १,८५,००० रुपये : प्रोजेक्टर घ्यायचा की दुसरं काही?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. आपल्या बडोद्यातल्या जुन्या मराठी शाळेसाठी दिवाळीपासून पैसे जमवतोय हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. ६२ माजी विद्यार्थ्यांचे मिळून १,८५,००० रुपये झाले. शाळेत पहिली ते आठवी मिळून आता १४० मुलं आहेत. आमच्या वेळी एकेका इयत्तेच्या दोन तुकड्या भरायच्या. शाळा सरकारी, फी नाही. बहुतेक मुलांच्या आया चार घरची कामं करतात, वडील रिक्षा चालवतात नाहीतर सेंटरिंगच्या कामावर जातात. शाळा जूनमध्ये उघडायच्या आत पैसे कुठे घालायचे ते ठरवायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे. तिथे प्रोजेक्टर बसवावा आणि सहावी ते आठवीच्या मुलांना महिन्यातून एकदा चांगला सायन्स फिक्शन सिनेमा दाखवावा. नंतर तासभर त्यावर गप्पा.

हे डोक्यात कुठून आलं? चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ला. त्यानंतरच्या शनिवारी मी त्याचं रेकॉर्डिंग फोनवर घेऊन शाळेत गेले. तीस मुलं एका फोनभोवती, मागच्यांना काही दिसेना. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, उतरताना केवढा आवाज झाला असेल!" म्हटलं, चंद्रावर हवाच नाही, आवाज कसा होईल? तिला पटेना. तिने पाहिलेल्या सगळ्या सिनेमांत यानं धडाधड फुटतात. मग पुढच्या वेळी लॅपटॉपवर 'ग्रॅव्हिटी'तला (२०१३) तुकडे येऊन आदळतात तो प्रसंग दाखवला. समोर सगळं मोडतंय आणि मोडण्याचा आवाज नाही. तो वर्ग इतका गप्प मी कधी पाहिला नव्हता. त्या मुलीने मला नंतर जिन्यात गाठून विचारलं, मग अंतराळवीर एकमेकांशी बोलतात कसे? रेडिओलहरी हा धडा मी तिला जिन्यात उभ्याउभ्या शिकवला.

खर्चाचा अंदाज : प्रोजेक्टर ६५,०००, पडदा १२,०००, स्पीकर १८,०००, इन्व्हर्टर आणि बॅटरी ३०,०००, काळे पडदे आणि वायरिंग २०,०००. एकूण १,४५,०००. उरलेले ४०,००० पुस्तकांना. तुम्हाला काय वाटतं?

चिवडाप्रेमी

माझं मत प्रोजेक्टरला. पहिला खेळ लागेल त्या दिवशी १४० मुलांना शेव-उसळ माझ्याकडून.

मांजलपूरची_आत्या

सुरसागर, तुझी तळमळ दिसते म्हणून रागावत नाही. पण माझ्या भावाची मुलगी याच शाळेत सहावीत आहे. ती सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही. शाळेतही पीत नाही. पाचला घरी आली की दप्तर टाकून आधी बाथरूमकडे पळते. दोनदा लघवीचा संसर्ग झाला, डॉक्टरांनी विचारलं पाणी किती पितेस, तेव्हा कुठे हे कळलं.

संडास आहेत. मुलींचे वेगळेही आहेत. पण ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी शाळेत शिरलं, तेव्हापासून दोन दारांच्या कड्या लागत नाहीत. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. पाण्याचा नळ लांब. पाळी आलेल्या मुली त्या दिवशी शाळेतच येत नाहीत. तिथे मुलींना कृष्णविवर दाखवून काय करायचं आहे?

आठवी_ब

आत्यांना अनुमोदन. मुलांच्या बाजूचंही वेगळं नाही.

हिशेबनीस

मी एक पैसा दिलेला नाही, आणि का ते स्पष्ट सांगतो.

२००४पासून प्राप्तिकरावर २ टक्के शिक्षण उपकर भरला. २००७पासून तो ३ टक्के झाला. २०१८पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के भरतोय. ज्याचा कर ५०,००० होतो तो २,००० रुपये या उपकराचे भरतो. वर काडेपेटीपासून बुटापर्यंत सगळ्यावर कर. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात बसून सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२०च्या शैक्षणिक धोरणात पुन्हा तोच आकडा छापला. तो आजवर गाठलेला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू. त्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, वाचनालय हे सगळं लिहिलेलं आहे. ही भीक नाही, कायदा आहे.

आज तुम्ही दार बसवलंत की उद्या फाइलीत लिहिलं जाईल, "दारे आहेत". परवा छत गळलं की पुन्हा तुमच्याकडेच बघतील. वर्गणी काढण्याऐवजी ६२ जणांनी सह्या करून एक अर्ज दिला असता तर बरं झालं असतं.

मास्तरीण

हिशेबनीस, तत्त्वाला धरून बोलतोस ते मला आवडतं. मी ३१ वर्षं अशाच शाळांतून शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पैसे आत कसे येतात आणि कुठे संपतात ते जरा सांगते, मग तूच ठरव.

शिक्षकांचे पगार सरकार देतं, ती मोठी रक्कम आणि तिच्यावर शाळा उभी आहे. बाकी रोजचा खर्च चालतो तो समग्र शिक्षा योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानावर. ते पटसंख्येवर ठरतं. १०० ते २५० मुलं असली तर वर्षाला ५०,००० रुपये. त्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, वीज, पाणी, इंटरनेट, बल्ब, सगळं. आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असा नियम. म्हणजे ५,०००. बारा महिन्यांना वाटा : महिना ४१६ रुपये. फिनाईल, ब्रश, झाडू, साबण यातच ते जातात. संडास धुणारं माणूस ४१६ रुपयांत कुठून आणायचं?

आता पुढचं बघा. पट १००च्या खाली गेला की तेच अनुदान २५,०००वर येतं. आपल्या मराठी शाळांचा पट तर दर वर्षी उतरतोय. मुलं निम्मी झाली म्हणून संडास निम्मे होत नाहीत, छप्पर निम्मं गळत नाही. पट उतरतो म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून शाळा कळकट, कळकट म्हणून आईबाप पोराला काढून गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एक एक नाव रजिस्टरमधून माझ्या हाताने कमी केलंय.

आणि सुरसागर, तुझ्याशीही बोलायचंय. मी होते त्या एका शाळेला एका सद्गृहस्थांनी दहा कॉम्प्युटर दिले. संगमरवरी पाटी लागली, पेढे वाटले. दोन वर्षांनी यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या. नव्या घ्यायला पैसे कोणत्याच खात्यात बसेनात. मुलं कॉम्प्युटरवर घातलेली आवरणं धुवायला घरी नेत, आत मशीन बंद. देणाऱ्याला वस्तू द्यायला आवडतं, कारण वस्तूवर नाव लिहिता येतं. झाडणाऱ्या बाईच्या पगारावर कोण नाव लिहिणार? तुझा प्रोजेक्टर कोण सुरू करणार, दिवा गेला तर कोण बदलणार, खोलीची किल्ली कोणाकडे, हे आधी लिही. मग यादी.

सुरसागरकाठ

बाई, यातलं मी काहीच धरलं नव्हतं. आणि आत्या, दारांचं मला खरंच माहीत नव्हतं. मी दर शनिवारी जाते, पण वरच्या मजल्यावर शिकवून परत येते. मागे कधी गेलेच नाही. विचार करते.

तारांगण

बाईंचा आणि आत्यांचा मुद्दा मान्य करूनच लिहितो, कारण सिनेमाची बाजू अगदीच हवेत राहू नये असं वाटतं.

मुलं सिनेमे पाहतातच. त्यांच्याकडे घरातला एक फोन असतो आणि त्यावर काय वाटेल ते चालू असतं. प्रश्न एवढाच आहे की त्यावर कोणी बोलतं का. 'मिस्टर इंडिया' (१९८७) सगळ्या पोरांना पाठ आहे. मी भाच्याला विचारलं, माणूस खरोखर अदृश्य झाला तर त्याला स्वतःला दिसेल का? दोन दिवस विचार करून तो म्हणाला, नाही, कारण उजेड त्याच्या डोळ्यातून आरपार जाणार, पडद्यावर अडणारच नाही. दृष्टिपटलाचा धडा त्याच्या पुस्तकात होता, मार्क चांगले होते, पण तो धडा त्याला त्या दिवशी कळला. 'कोई मिल गया'तल्या (२००३) 'जादू' नावाच्या परग्रहवासीयाला ऊन लागतं. मग विचारा, एवढ्याशा अंगावर पडणाऱ्या उन्हातून माणसाला उडवण्याइतकी ऊर्जा मिळेल का? 'द मार्शियन'मध्ये (२०१५) वादळाने यान कलतं. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याच्या आसपास, तिथला सोसाट्याचा वाराही आपल्याला झुळकीसारखा लागेल. सिनेमा जिथे चुकतो तिथे विज्ञान जास्त चांगलं शिकवता येतं.

आणि हिशेबनीस, 'इंटरस्टेलर' (२०१४) पाहिलाय का? त्यात सगळ्यांना कृष्णविवर आठवतं. माझ्या लक्षात राहिली ती सुरुवातीची पालकसभा. मुलगा पंधरा वर्षांचा, आणि शाळा बापाला सांगते की याला कॉलेज नाही, हा शेतकरी होणार. कॉलेजात जागाच मोजक्या. बाप विचारतो, मग माझ्या कराचे पैसे जातात कुठे? त्याच सभेत शिक्षिका सांगते की माणूस चंद्रावर गेलाच नाही असं आता पुस्तकात छापलंय. अख्ख्या तीन तासांच्या सिनेमात मला सगळ्यात भीती त्या पाच मिनिटांची वाटली. शाळेवरचा खर्च आटला की आधी जागा आटतात, मग पुस्तकातलं खरंही आटतं.

हिशेबनीस

तो प्रसंग आठवतो. बापाचा प्रश्न माझाच आहे.

आठवी_ब

मी या शाळेतून २०१७ला बाहेर पडलो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन चालवतो. इथे बाकी सगळे शिकलेले लोक आहेत म्हणून लिहायचं की नाही विचार करत होतो.

तारांगणभाऊ, तुम्ही नावं घेतलेले इंग्रजी सिनेमे मला आठवीत दाखवले असते तर काही कळलं नसतं. सबटायटल वाचेपर्यंत चित्र पुढे जातं. आमच्या वर्गात निम्म्या मुलांची घरची भाषा खानदेशी, काहींची वारली, बाहेर गुजराती, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. इंग्रजी पाचवी भाषा. हिंदीत डब केलेला दाखवला तर चालेल. नाहीतर 'वॉल-ई' (२००८) दाखवा. कंपनीत एका साहेबांच्या मुलाच्या वाढदिवसाला मी तो पाहिला. पहिला अर्धा तास कोणी बोलतच नाही जवळजवळ. कचऱ्याने भरलेली पृथ्वी आणि तो एकटा साफ करणारा रोबो. माझी आई कचरा वेचायची. मी तो सिनेमा घरी आणून तिला दाखवला. तिने शेवटपर्यंत पाहिला. म्हणाली, याला दमायला होत नाही एवढंच बरं.

शाळेत असताना मला मशीन कसं चालतं हे कोणाला तरी विचारायचं असायचं. सर चांगले होते, पण तीन वर्ग एकटे सांभाळायचे. शनिवारी कोणी बाहेरचं येऊन बसलं असतं तर खूप झालं असतं. प्रोजेक्टर असो नसो.

वायरिंग आणि दारांच्या कड्या मी फुकट करून देतो. रविवारी सुट्टी असते.

मास्तरीण

बाळा, तू लिहीत जा इथे.

पुण्यातला_बडोदेकर

हिशेबनीस म्हणतात सरकारने द्यावं, बाकीचे म्हणतात आपण द्यावं. आपल्या बडोद्यात या दोन्हींची सांगड शंभर वर्षांपूर्वी घालून झाली आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलं आणि १९०६मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं. तिथे वर्गणीचा प्रश्नच नव्हता, शिक्षण राज्याचं काम. पण वाचनालयांचं वेगळं होतं. १९१०मध्ये त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं. त्यानंतर जी योजना उभी राहिली तिचा कणा हा : गावाने एक हिस्सा उभा करायचा, तेवढाच प्रांत पंचायत घालणार, तेवढाच राज्य घालणार. गावाने पैसे काढले की ते वाचनालय गावाचं होतं, आणि दोन हिस्से सरकारचे असल्यामुळे सरकारला अंग काढून घेता येत नव्हतं. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या.

आणि सुरसागर, हे खास तुमच्यासाठी : त्याच ग्रंथालय खात्याची एक शाखा फक्त चित्रं दाखवण्यासाठी होती. मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारा दिवा) आणि सिनेमाचं यंत्र घेऊन माणसं गावोगाव जायची आणि न वाचता येणाऱ्यांना फुकट दाखवायची. वाचनालयाच्या पैशातून सिनेमा! तेव्हा तुमची कल्पना उधळपट्टीची आहे असं बडोद्यात तरी कोणी म्हणू नये.

कारेलीबागचे_काका

वा! यात एक भर. दादासाहेब फाळके १८९०मध्ये बडोद्यातल्या कलाभवनात शिकायला होते. फोटोग्राफी, छपाई यांचं शिक्षण इथलं. पुढे १९१३ला त्यांनी पहिला चित्रपट काढला. कलाभवन ही पण राज्याने चालवलेली हुन्नरशाळा. हाताला काम शिकवणारी शाळा होती म्हणून सिनेमा आला. आमच्या मोठ्या वहिनींचे आजोबा तिथे रंगकाम शिकले होते, त्यांच्या हातचा एक पाट अजून आमच्या देवघरात आहे.

चिवडाप्रेमी

काका, पाटाचा फोटो टाका.

गृहिणी_वाघोडिया_रोड

थोडं विषयांतर होतंय, पण पैशांवरून आठवलं. आमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी घरटी १,५०० रुपये. दहा दिवसांत दोन लाखांच्या वर जमतात. कोणी विचारत नाही हे काम सरकारचं की आपलं. विसर्जनाच्या दिवशी डीजेने माझ्या सासऱ्यांच्या छातीत धडधड होते, खिडक्यांच्या काचा थरथरतात. यंदा मी सभेत म्हटलं, डीजे नको, ढोल-ताशा ठेवू आणि वाचलेले शाळेला देऊ. एक जण म्हणाला, "बेन, देवाच्या पैशात हात घालू नका." मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

तारांगण

ताई, लोकमान्यांनी उत्सव रस्त्यावर आणला तो लोकांना एकत्र बसवून काही सांगायला. तुमची मागणी उत्सवाच्या मूळ हेतूला धरूनच आहे. यंदा पुन्हा मांडा, मी तुमच्या सोसायटीत येऊन बसतो हवं तर.

मांजलपूरची_आत्या

गणपतीवर गाडी गेली की ती परत येत नाही. संडासावर या.

पुण्यातला_बडोदेकर

आत्या बरोबर आहेत. माझ्याकडे क्लासचा एक प्रोजेक्टर पडून आहे. दिवा मागच्याच वर्षी बदललाय. पुढच्या महिन्यात लग्नाला बडोद्याला येतोय, घेऊन येतो. म्हणजे ६५,००० वाचले. पडद्याऐवजी भिंतीला पांढरा रंग द्या.

गृहिणी_वाघोडिया_रोड

शाळेत सिनेमा दाखवायला परवानगी लागत नाही का? माझ्या नणंदेच्या क्लबला कोणीतरी अडवलं होतं.

हिशेबनीस

क्लबचं वेगळं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तर तो भंग होत नाही. बाहेरच्यांना बोलावू नका, तिकीट लावू नका, आणि प्रत चोरीची नको. ज्या चित्रपटांचा हक्क संपला ते तर कोणीही दाखवावेत. आपल्याकडे चित्रपटाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं.

तारांगण

मग सुरुवात फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या सिनेमापासून करा! १९०२चा, चंद्रावर जाण्याचा. चौदा मिनिटांचा, मुका. भाषेचा प्रश्न नाही, हक्काचा प्रश्न नाही. तोफेतून गोळा सुटतो आणि थेट चंद्राच्या डोळ्यात घुसतो. मुलं हसतील, मग विचारायचं : तोफेतून माणूस उडवला तर जिवंत राहील का? वेगवाढ एका क्षणात झाली तर शरीराचं काय होतं? आणि त्याच दिवशी त्यांना चांद्रयानाचं उतरणं पुन्हा दाखवायचं, यावेळी मोठ्या भिंतीवर. मध्ये १२१ वर्षं.

मास्तरीण

आणि पुस्तकं विसरू नका. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने गोष्ट पाठवली होती, नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून नाव लपवलं. पहिला नंबर आला. गोष्ट कृष्णविवरावरची होती. मी दर वर्षी आठवीला हा प्रसंग सांगायचे आणि मग त्यांची एक विज्ञानकथा मोठ्याने वाचायचे, रोज शेवटची दहा मिनिटं. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. ते गेले २० मे २०२५ला. त्या दिवशी माझ्या तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले, बाई, तुम्ही वाचलेली गोष्ट आठवली म्हणून.

सुरसागरकाठ

सगळं दोनदा वाचलं. काल आत्यांबरोबर शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन आले. जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. नवी यादी :

दारं, कड्या, नळ, मुलींच्या बाजूला झाकणाची कचरापेटी आणि आडोसा : ३८,०००. मजुरी आठवी_ब यांची, म्हणजे फक्त सामान.
रोज दोनदा संडास धुणारी बाई : महिना ३,०००, वर्षाचे ११ महिने, तीन वर्षं : ९९,०००.
स्पीकर, काळं कापड, भिंतीचा रंग : २८,०००.
पुस्तकं : २०,०००.
एकूण १,८५,०००. प्रोजेक्टर पुण्याहून.

मांजलपूरची_आत्या

यादी चांगली आहे, पण ३,०००वर माझी हरकत आहे. दुसऱ्याच्या मुलांचे संडास दिवसातून दोनदा धुवायचे आणि हातात दिवसाचे सव्वाशेही नाहीत. ही बाई बहुधा याच शाळेतल्या कोणाची तरी आई असणार. किमान ४,००० द्या. हातमोजे आणि बूट वेगळे. आणि तिच्याशी बोलताना मुलांनी "मावशी" म्हणायचं, "ए बाई" नाही. हे बाईंनी पहिल्या दिवशी वर्गात सांगावं.

आठवी_ब

आत्या, थँक यू.

मास्तरीण

सांगेन. येऊन सांगेन.

हिशेबनीस

४,००० धरले तर तीन वर्षांचे १,३२,००० होतात, ३३,००० वाढले. पुस्तकं आणि स्पीकर दोन्हींना कात्री लावली तरी जेमतेम बसतं. पुस्तकांसाठी आठवीपर्यंतच्या शाळेला वाचनालयाचं वेगळं अनुदान असतं, १३,००० रुपयांपर्यंत. ते आलं का, कशावर गेलं, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विचारा. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बायका, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१. आत्यांनी वहिनींना उभं करावं. शिवाय केंद्र सरकारचं 'विद्यांजली' म्हणून पोर्टल आहे, तिथे शाळा आपली गरज नोंदवू शकते आणि देणगी रीतसर कागदावर येते. देणगी कागदावर असू द्या, म्हणजे "दारे आहेत" असं लिहिताना ती कोणी बसवली हेही लिहावं लागेल.

तत्त्व मी सोडलेलं नाही. तीन वर्षांनी तुमचे पैसे संपणार. तोवर दर तीन महिन्यांनी एक अर्ज, सफाईच्या माणसाचा पगार सरकारने द्यावा म्हणून. मसुदा मी लिहितो, पाठपुरावा मी करतो. आणि बडोदेकरांनी सांगितलेला तो एका हिश्शाचा हिशेब मला पटला, म्हणून माझे १०,००० घ्या. फक्त ते मावशींच्या पगारात जमा करा.

चिवडाप्रेमी

माझे आणखी ५,००० त्यातच. शेव-उसळ कायम.

गृहिणी_वाघोडिया_रोड

माझे २,०००. डीजेचं पुन्हा मांडणार आहे, ते मिळाले तर वेगळे.

सुरसागरकाठ

म्हणजे १७,००० आले. स्पीकरला १२,०००त बसवते, पुस्तकं १०,०००ची. जमलं! जूनमधला तिसरा शनिवार, सकाळी दहा. आधी दारं, मग सिनेमा. दारं झाली नाहीत तर सिनेमा पुढे ढकलायचा. खोलीची किल्ली आठवीतल्या दोन मुलींकडे. प्रोजेक्टर लावायला आठवी_ब त्यांना शिकवतील.

आठवी_ब

शिकवतो. दोन रविवार पुरतील.

मांजलपूरची_आत्या

भाचीला सांगितलं, तोफेतून चंद्रावर जातात तो सिनेमा दाखवणार आहेत आणि त्याला आवाज नाही. ती म्हणाली, मग आवाज आपण काढायचा. सध्या घरात तोंडाने तोफा सुटतायत.